ठेच्याच्या मुंग्या, कवठाच्या मुंग्या

माझ्या उजव्या पायाचा अंगठा बायकोच्या मालकीचा आहे. तिनंच तसं जाहीर केलं होतं, आणि तिच्यासमोर नाही म्हणायची माझी टाप नव्हती. ती यंदाच्या माघात गेली. अंगठा इथेच आहे. सकाळी बाजेवरून पाय खाली सोडले की आधी तोच दिसतो. डाव्या अंगठ्यापेक्षा जरा चपटा, आणि नखाच्या जागी शिंपल्यासारखं काहीतरी वाकडं उगवलेलं. दिसायला काही चांगला नाही. पण तो राहिला कसा हे सांगायचं तर चटण्यांचं सांगावं लागतं, आणि चटण्यांचं सांगायचं तर तिचं.

जर्मनची लढाई सुरू व्हायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. आमचं गाव मंगरूळपीरपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. कपाशी, ज्वारी, थोडी तूर. मी तेव्हा अंगानं भरलेला होतो. गावातले लोक म्हणायचे, माणूस सुखात आहे. बायको म्हणायची, गंजीले पाय फुटले अन् ते दारातून आत येऊन राह्यली.

त्या वर्षी दसऱ्यापासून मला तहान लागायला लागली. वावरात नेलेलं मडकीभर पाणी मी एकटाच संपवायचो आणि गड्याची मडकी मागायचो. घरी आलो की माठाशीच बसायचो. बायकोनं एकदा विचारलं, माठ तुमच्या पोटात ठेवू का, म्हणजे उठबस वाचंल. आता एवढं पाणी आत गेलं की ते बाहेरही जाणार. गोठ्यामागे बाभळीखाली माझी जागा ठरलेली होती. एक दिवस बायको शेण काढता काढता तिथे थांबली, पदर खोचला आणि वाकून पाहायला लागली. मी ओट्यावरून विचारलं, काय हरवलं वं. तर म्हणे काही हरवलं नाही, सापडलं. जिथे बसून गेलो होतो तिथे लाल मुंग्यांची रांग लागली होती. गुळाच्या भेलीला लागते तशी. मला हसू आलं. तिला आलं नाही.

कार्तिकात ज्वारी कापलेल्या वावरातून चालताना माझा अंगठा धसकटावर चिरला. असं आमचं दरसाल होतंच. हळद दाबायची, चिंधी बांधायची, दोन दिवसांत विसरायचं. पण ही जखम विसरू देईना. कडुलिंबाच्या पाण्यानं धुतली, एरंडाचं पान गरम करून बांधलं, म्हाताऱ्यांनी सांगितलं ते सगळं झालं. अंगठा सुजला, मग त्याच्या कडा काळ्या पडल्या, आणि वास यायला लागला. मी म्हणायचो, होईल. तिनं एक दिवस गाडी जुंपायला लावली आणि मला पोत्यासारखं आत बसवलं.

मंगरूळपीरच्या बाजारामागे एक डाक्टर नवे आले होते. भाड्याच्या खोलीत दवाखाना. देशावरचे, बोलणं स्वच्छ, धोतर त्याहून स्वच्छ. त्यांनी अंगठा पाहिला, चिंधीचा वास घेतला आणि अंगठ्याचं सोडून तहानेचं विचारायला लागले. मग हातात एक बाटली दिली आणि मागे जाऊन या म्हणाले. मी म्हटलं, साहेब, दुखून राह्यला अंगठा, बाटली कायले. ते म्हणाले, अंगठ्याचंच दुखणं बाटलीत आहे. मला तेव्हा वाटलं, हा माणूस काही फार दिवस चालायचा नाही.

त्यांनी काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात माझे काही थेंब टाकले आणि दिव्यावर धरलं. बायको दाराशी उभी होती. ती सरकत सरकत टेबलापर्यंत आली आणि चुलीवरचं पाहावं तसं पाहायला लागली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी भट्टीतल्या विटेसारखं लाल.

"जळालं," ती म्हणाली.

डाक्टर म्हणाले, जळालं नाही बाई, ही साखर. यांच्या रक्तात ती जास्त झाली आहे आणि लघवीतून सांडते आहे. मग त्यांनी आम्हाला दोघांना बसवून सरळ सांगितलं. नळीतलं पाणी निळं राहिलं पाहिजे. निळ्याच्या जवळ आलं तर जखम भरेल. असं विटकरीच राहिलं तर अंगठा अकोल्याला नेऊन कापावा लागेल, आणि कापल्यावरही थांबेल असं नाही, पुढे पाऊल आहे.

ज्यानं वखर धरला नाही त्याला अंगठा म्हणजे काय ते कळणार नाही. ढेकळांत पाय रोवतो तो अंगठाच. तो गेला की माणूस वखरामागे नुसता लोंबकळतो. माझ्या वाट्याचं पुढचं बोलणं तिनंच केलं. काय खाऊ देऊ, काय नको ते विचारलं.

डाक्टरांनी विचारलं, रोज जेवता काय? मी म्हटलं, काही नाही, भाकर अन् चटणी. किती? पोटभर. ते म्हणाले, साधं जेवण आहे, ठीक. गूळ, साखर, केळी, आंबा बंद. चटणीत गूळ घालता का? बायको म्हणाली, कवठाच्या अन् चिंचेच्या चटणीत घालतात. तो बंद करा म्हणाले. आणि बाजाराच्या दिवशी येत चला, नळी पाहू.

परतताना ओढ्यावर बैल पाण्याला थांबले तेव्हा ती बोलली.

"नळी त्याईच्यापाशी हाये. पर मुंग्या आपल्यापाशी हायेत."

तिच्या डोक्यात काय शिजत होतं ते मला घरी गेल्यावर कळलं. डाक्टरांनी चटणीवर बोट ठेवलं होतं, म्हणून तिनं साऱ्या चटण्यांना चावडीवर उभं करायचं ठरवलं. रीत अशी. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत पानात एकच चटणी. गोठ्यामागे तिनं पाट्याचा एक फुटका तुकडा आणून मांडला आणि मला बजावलं की पहाटेचं पहिलं या दगडावर, दुसरीकडे कुठी नाही. दगड रोज संध्याकाळी धुवून ठेवायची. थंडीत मुंग्या उशिरा निघतात, म्हणून ऊन बाभळीच्या बुंध्यापर्यंत आलं की जाऊन पाहायची. आभाळ आलं असलं तर त्या दिवसाच्या मुंग्या धरायच्या नाहीत, असंही तिनंच ठरवलं. मी म्हटलं, कलेक्टरसाहेबानं तुले पिकाच्या पाहणीले नेलं पायजे. ती म्हणाली, मले एकच पीक पाह्याचं हाये अन् तेही कीड लागलेलं.

पहिली पाळी जवसाच्या चटणीची. जवस भाजून, मीठ-तिखट-लसूण घालून कुटलेला. ती चटणी मला कधीच आवडली नाही, घशात भुसा भरल्यासारखी वाटते. पण बायकोला तिचा भारी विश्वास होता. मुंग्या आल्या, पण बेतानं. घरच्या घरी उरकलेल्या लग्नाला पाव्हणे यावेत तितक्या. तिळाची चटणी लागली तेव्हा जरा जास्त आल्या. कारळाच्या चटणीला तितक्याच. शेंगदाण्याच्या चटणीला त्याहून जास्त, तेव्हा बायकोनं शेंगदाण्यावर ठपका ठेवला, त्याले जरा गोडी असतेच म्हणाली. एवढ्यात बाजाराच्या फेऱ्या झाल्या. डाक्टरांची नळी कधी पिवळी, कधी विटकरी. अंगठा होता तसाच. काळी कड उजवीकडे थोडी सरकली होती. ते त्यांनी पाहिलं. बायकोनंही पाहिलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, आता गोडाचा वासही नको. ठेचा.

आता हे ऐकून माझं तोंड कसं झालं असेल ते मला दिसलं नाही, पण तिनं पाहिलं आणि म्हणाली की दुखण्यानं कोणाचं नशीब असं फळफळलेलं पाहिलं नाही. हिरव्या मिरच्या तव्यावर तेलात चरचर भाजायच्या, लसूण, मीठ, जिरं, आणि तव्यातच वाटीच्या बुडानं रगडायचं. तिचा ठेचा असा होता की जेवताना माझ्या डोक्यातून घाम यायचा आणि मी पुन्हा हात पुढे करायचो. जोडीला भुरका. म्हणजे वाटीत लाल तिखट आणि मीठ, वरून कडकडीत तेलाची फोडणी. दोन्हींत गोडाचा कण नाही. साखरेनं ठेच्याला ओळखही दाखवू नये इतका लांबचा मामला.

दुसऱ्या दिवशी ऊन बुंध्याला आलं, ती गोठ्यामागे गेली आणि तिथूनच मला हाक मारली. जाऊन पाहतो तर दगड दिसेना. नुसत्या मुंग्या. लालच नाही, मोठे काळे मुंगळेही होते, ते आजवर कधी आले नव्हते. वरात होती ती, एक वाजंत्री तेवढी कमी. तिसऱ्या दिवशी तीच वरात, चौथ्या दिवशी तिच्यात गावच्या साऱ्या भाऊबंदांची भर.

आमच्या बत्तीस वर्षांच्या संसारात बायकोनं माझ्यावर चोरीचा आळ घेतला तो याच वेळी. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, भेली कुठी ठेवली? मी म्हटलं, कोणती भेली. ती म्हणाली, जिची मिशीवर चव लागली हाये ती. आणि खरंच जवळ येऊन तिनं माझ्या मिशीचा वास घेतला. भर ओट्यावर, दिवसाढवळ्या. समोरून शेजारीण घागर घेऊन जात होती, तिनं पाहिलं आणि पदर तोंडावर घेऊन पुढे गेली. त्या दिवसापासून गावात आमच्या नव्या प्रेमाची चर्चा होती. मिशीला लसणाशिवाय काही सापडलं नाही. तरी तिनं गुळाची भेली उतरंडीतून काढून नेऊन शेजारणीकडे ठेवली. मग मिरच्यांवर संशय घेतला. एकेक मिरची दातानं तोडून पाहिली, कोणती गोड निघते का. संध्याकाळपर्यंत तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती कोणाशी बोलायच्या स्थितीत नव्हती. तेवढी एक संध्याकाळ घरात मोठ्या शांततेत गेली.

त्या बाजाराला नळी विटेहून लाल झाली. डाक्टर म्हणाले, अजून एखादी फेरी पाहतो, मग अकोल्याला चिठ्ठी देतो.

याच सुमाराला तिचा भाऊ आला. तो रिठदकडचा. तिकडे त्यांच्या वावरात कवठाचं एक झाड आहे, आणि कवठं त्या झाडाला नाही, आपल्यालाच लागतात असा त्याचा समज आहे. दर हिवाळ्यात टोपलं भरून कवठं घेऊन येतो आणि जेवढा वेळ राहतो तेवढा वेळ कवठांचेच गुण सांगतो. माझा साळा बोलण्यानं इतका गोड आहे की तो समोर बसला तरी मला पथ्य मोडल्यासारखं वाटतं. त्यानं माझा पाय पाहिला आणि पहिल्यांदाच कवठांचे गुण अर्ध्यात सोडले. बहिणीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, कवठ कर त्याईले. बहीण म्हणाली, बिना गुळाचं करते.

बिना गुळाची कवठाची चटणी ज्यानं खाल्ली नाही त्यानं खाऊ नये. गर, मिरची, मीठ, जिरं. तोंडात घातली की गालफडं आतून शिवल्यासारखी होतात. मी कशीबशी दोन भाकरी खाल्ल्या आणि हात धुतला. पुढच्या दिवशीही तेच. मुंग्या एकदम कमी झाल्या. दगडावर दहा-बारा चुकार हिंडत होत्या, पाव्हण्यांच्या घरी जेवण नाही हे उशिरा कळलेल्यांसारख्या. बायको खूश. पण माझा चेहरा पाहून तिला दया आली म्हणा, की भावाचा आग्रह पडला म्हणा, तिनं शेजारणीकडून भेली आणवून चिंचोक्याएवढा गुळाचा खडा चटणीत घातला. म्हणाली, पाहू, किती वाढतात ते. चटणी लागली आता चटणीसारखी, पण कवठ ते कवठच. चाटून चाटून खावं लागतं. दोन भाकरींवर मी काही गेलो नाही.

मुंग्या वाढल्या नाहीत.

आता मी गावात सांगत सुटणार होतो की ठेच्यात साखर असते आणि गुळानं ती उतरते. साळा तर एका पायावर तयार होता, कवठाचा अर्क काढून बाजारात बसायच्या गोष्टी करायला लागला. बायको मात्र दोन दिवस चुलीपुढे बसून नुसता विचार करत होती. आणि तिसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर दळता दळता तिनं हात थांबवला. जात्याची घरघर थांबली म्हणून मला जाग आली.

"ऐकता का. ठेच्याच्या बाजाराले माहे हात भरून आलते. रोज दळण पुरेना. अन् हे कवठाचं लागल्यापासून पीठ उरून राह्यलं."

मी म्हटलं, मग बरंच झालं. ती म्हणाली, बरं नाही, समजून घ्या. मुंग्या चटणीवर येत नाहीत. भाकरीवर येतात.

इथे आमच्याकडची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे भाकर ही खाण्यात धरत नाहीत. कोणी विचारलं काय जेवलात, तर माणूस सांगतो, आज ठेचा होता, आज बेसन होतं. भाकर होती असं कोणी सांगत नाही, जसं आज मी श्वास घेतला असं सांगत नाही. पाव्हण्यानं नुसती भाकर खाल्ली तर त्यानं काहीच खाल्लं नाही असं घरची बाई म्हणते आणि तिला वाईट वाटतं. तेव्हा डाक्टरांनी काय खाता विचारलं, मी काही नाही, भाकर अन् चटणी म्हटलं. त्यात मी खोटं काही बोललो नव्हतो. आम्ही दोघांनीही मग कोयरीतल्या चमचाभर चटणीवर पहारा बसवला, आणि तिच्या बाजूनं भाकरीच्या टोपल्यातून काय चाललं होतं तिकडे पाहिलं नाही. ठेच्याबरोबर मी चार भाकरी खायचो, भुरक्याबरोबर कधी पाच. आमच्या घरची भाकर म्हणजे परातीएवढी.

तरी मी तिचं ऐकेना. ज्वारी आणि गोड, हे मला पटेना. माझा बाप ज्वारी खाऊन म्हातारा झाला, त्याच्या मागे कधी मुंगी लागली नाही. तिनं वाद घातला नाही. टोपल्यातली कालची कोरडी भाकर काढली, एक तुकडा मोडला आणि माझ्या तोंडात घातला.

"चावत राहा. गिळू नका."

मी चावत राहिलो. ती समोर बसून माझ्या जबड्याकडे पाहत होती. साळाही बाजेवरून उठून बसला. आधी नुसतं पीठ लागत होतं. मग लाळेत भिजलं, तरी मी चावतच होतो. आणि काही वेळानं, कोणी गुपचूप तोंडात टाकावी तशी, हलकी गोडी उतरली. लहानपणी वासरं राखताना नुसती भाकर चघळत बसायचो तेव्हाची चव. मी ती विसरलो होतो. माझ्या तोंडाकडे पाहूनच तिला कळलं. ती उठली, पीठ भरलं आणि कामाला लागली. साळा तेवढ्यात स्वतः एक तुकडा तोंडात टाकून चावत बसला होता, तो सकाळपर्यंत चावत होता.

तेव्हापासून तिच्या हिशेबात चटणी गोड की तिखट हा प्रश्न राहिला नाही. कोणती चटणी भाकर किती ओढते ते पाहायचं. ठेचा चार भाकरींचा, भुरका त्याच्याही वरचा, म्हणून दोघं हद्दपार. शेंगदाण्याची साडेतीनाची, तिला सणावाराला परवानगी. तीळ, कारळ मधले. जवसाची अडीचाची, कारण ती मला घशाखाली जात नाही, हाच तिचा गुण ठरला. आणि कवठाची दोनाची, चिंचोक्याएवढ्या गुळासकट मंजूर. जी चटणी जितकी चांगली तितकी ती वाईट. असं पथ्य जगात दुसऱ्या कोणाच्या नशिबी आलं असेल तर त्यानं मला भेटावं, आपण दोघं बसून रडू. भाकरी दोन, लहान थापलेल्या. बाकी पोट मेथीनं, अंबाडीच्या भाजीनं, ताकानं भरायचं. मी म्हणायचो, तू मले बैलासारखं पाला खाऊ घालून राह्यली. ती म्हणायची, बैलाचा अंगठा कधी सडलेला पाह्यला का.

पुढच्या बाजाराला नळी हिरवी झाली. डाक्टरांनी दोनदा करून पाहिली. काय केलंत, विचारलं. बायकोनं सगळं सांगितलं, मुंग्यांसकट, जात्यासकट. ते ऐकत गेले आणि शेवटी हसायला लागले. म्हणाले, बाई, मी यांना किती खाता विचारलं होतं. हे म्हणाले पोटभर. मला वाटलं, माणसाचं पोट.

अकोल्याची चिठ्ठी द्यायची वेळ आली नाही. महाशिवरात्रीच्या सुमाराला नळी निळ्यावर आली, अगदी निळी नाही, पण मोरपिसाच्या कडेसारखी. अंगठ्याची काळी कड थांबली, मग सुकली, मग तिथून एक खपली निघाली आणि खाली लाल कोवळं मांस होतं. बायकोनं ते कडुलिंबाच्या पाण्यानं धुतलं, कोरडं केलं, आणि पाय मांडीवरून खाली न ठेवता म्हणाली, "हा अंगठा आता माहा. तुमी तं घालवला होता."

मग वर्षानुवर्षं तेच. मी अनवाणी निघालो की ओट्यावरून ओरडायची, माहा अंगठा कुठी नेऊन राह्यले. कुत्र्याला लाथ उगारली तर म्हणायची, दुसऱ्या पायानं मारा, तो माहा हाये. आणि रोज सकाळी, ऊन बुंध्याशी आलं की एकच प्रश्न, आल्या का? मी म्हणायचो, नाई. किंवा म्हणायचो, दोन-तीन आल्या होत्या, रस्ता चुकून. मग दिवस सुरू व्हायचा. लढाईच्या काळात साखर कंट्रोलमध्ये गेली आणि सारा गाव ओरडायला लागला, तेव्हा ती शेजारणीला सांगायची की आमच्याकडे कंट्रोल इंग्रजाच्या आधीच आला होता. तिनं स्वतः कधी पथ्य केलं नाही, तिला गरज नव्हती. पण ठेचा ती माझ्या पाठीमागे खायची, समोर कधी नाही. तव्याचा वास मला यायचा. मी ओट्यावर बसून राहायचो, आत जायचो नाही.

सारा गाव माझ्या जाण्याची वाट पाहत होता, म्हणजे हिशेबानं. साखरवाला माणूस, तो आधी जाणार. ती धडधाकट होती. यंदा माघात छाती भरली, ताप चढला, आणि आठवडाही निघाला नाही. भाऊ कवठं घेऊन आला होता, तिला दाखवली, ती म्हणाली, त्याईले कर, गूळ पाहून घाल. मग पुन्हा नीट बोलली नाही.

तेरवीला पुरण झालं होतं. आमच्याकडे रीत आहे, तेरवीला सासरवाडीचा माणूस घरच्याचं तोंड गोड करतो, म्हणजे दुःखातून उठ, पुन्हा जेवायला लाग, असा त्याचा अर्थ. साळ्यानं पुरणपोळीचा तुकडा तुपात बुडवला आणि माझ्यासमोर येऊन बसला. सारे पाहत होते. "भाऊजी, घ्या," म्हणाला. मी तोंड मिटून बसलो. दोघा-तिघांनी सांगितलं, एका घासानं काय होते, आज नाई म्हणू नये. खरं सांगायचं तर मला काही वाटत नव्हतं. पाय राहो की जाओ, असंच वाटत होतं तेव्हा. पण तिच्या तेरवीच्या पुरणानं तिचाच अंगठा घालवायचा, हे काही बरोबर वाटेना. माझा असता तर गोष्ट वेगळी होती.

सून परगावाहून तेरवीला आली होती, तिला मी म्हटलं, कोपऱ्यातल्या टोपल्यात कवठं हायेत, एक फोड. तिनं वाटून आणलं. किती गूळ घालू मामंजी, तिनं विचारलं. मी म्हटलं, चिंचोक्याएवढा. साळ्याला एकदम समजलं. त्यानं पुरणाचा तुकडा बाजूला ठेवला, बोटावर चटणी घेतली आणि माझ्या तोंडाला लावली. आंबट, तिखट, आणि शेवटी जरा गोड. तेवढं गोड तिनंच मंजूर केलेलं होतं. रीत झाली. साळा रडला, मग नाक पुसून सुनेला म्हणाला की कवठ यंदा जरा लवकर उतरवलं, नाही तर याहून चांगलं लागलं असतं. मला हसू आलं. तेरवीच्या पंगतीत विधुर हसला म्हणून लोकांनी काय म्हटलं असेल ते म्हणोत.

दुसऱ्या दिवशी ऊन बाभळीच्या बुंध्याशी आल्यावर मी गोठ्यामागे गेलो. पाट्याचा तुकडा तिथेच आहे. बऱ्याच वर्षांत तो कोणी नियमानं धुतला नाही, मी घागर आणून धुतला. मग पूर्वीसारखा बसून उठलो आणि थांबलो. एक मुंगी आली, दगडावर फिरली, तिला काही मिळालं नाही, गेली.

घरात आलो तर सून चुलीपुढे बसली होती. मी दारातूनच सांगितलं, नाई आल्या. ती वर पाहत राहिली. तिला काय माहीत असणार. मग मी बसून तिला चटण्यांचं पहिल्यापासून सांगायला लागलो, आणि ती भाकरी थापता थापता ऐकायला लागली. दोनच थापल्या तिनं, लहान.